सगळ्याच एकोणीसच्या

आमच्या गावात पहिलटकरीण एकोणीस वर्षांचीच असते. अठरा सांगितलं तर वरचा साहेब मान वर करून बघतो, वीस सांगितलं तर ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावतात. म्हणून एकोणीस. नर्सबाई वय विचारतसुद्धा नाहीत. नाव, नवऱ्याचं नाव, कितवी खेप. आणि पहिली म्हटलं की पुढे एकोणीस, एका दमात. माझ्या चिमीच्या वेळी मीही एकोणीसचीच होते. तेव्हा मला सोळा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. खरी एकोणीस मला आत्ता, या वर्षी पूर्ण झाली.

चिमी आता तीनची होईल. जळगावात एस.टी. वर्कशॉपच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत. आमचे हे सकाळच्या पाळीला गेले की मी धुणंभांडी उरकते, चिमीला वरणभात भरवते आणि मांडीवर घेऊन थोपटते. ती झोपली की दीड ते तीन हा माझा वेळ. त्यातही ती कूस बदलते, मग एक हात तिच्या पाठीवर आणि एक हात वहीवर. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बारावी अशीच काढली, आणि आता बी.ए.चं पहिलं वर्ष बाहेरून. "बरंय बाई," हे म्हणतात, "परीक्षा तुझी आणि झोपेची तयारी पोरीची!"

मराठीला शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी नेमलेली आहे. सगुणा नावाच्या मुलीची. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी दिवस, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असताना ती जाते. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: 'या कादंबरीचे सामाजिक मूल्य स्पष्ट करा.' गाईडमधलं दीड पानी उत्तर मी पाठ केलं होतं. त्याचा शेवट असा: 'कायद्याने व शिक्षणाने ही प्रथा नष्ट झाली असून आज ही परिस्थिती राहिलेली नाही, तथापि कालचित्र म्हणून कादंबरीचे महत्त्व अबाधित आहे.' चिमीला थोपटताना मी हे तालात म्हणायची. 'तथापि'ला एक थाप, 'अबाधित'ला एक थाप. तिला त्यावर छान झोप लागायची.

यंदा परीक्षा जूनमध्ये ढकलली गेली, म्हणून आखाजीला माहेरी निघताना पुस्तक पिशवीत टाकलं.

माझं माहेर चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. त्या चार दिवसांत गावातल्या झाडून सगळ्या सासुरवाशिणी परत येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि गाव पुन्हा पोरींचं होतं. माझी धाकटी बहीण सुगंधा चैत्रातच आली होती, पहिल्या बाळंतपणाला. तिला आठवा लागला होता.

मी दारात चिमीला खाली उतरवलं तशी सुगंधा उठायला लागली. आधी गुडघा टेकला, मग भिंत धरली, मग हसली. तिचं तोंड सुजलेलं होतं.

"पाह्यं का, कशी बाळसं धरी ऱ्हायनी," आई म्हणाली.

मी खाली बघितलं. पायाच्या बोटांत जोडवी रुतून बसली होती, दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं.

"काढत का नाहीस गं?"

"निंघत नही अक्का. साबन लायी पाह्या."

"डोकं दुखतं?"

"दुखस ना. कधीमधी डोळासमोर काजवा चमकतस." आणि लगेच चिमीकडे हात करून, "ये वं ठकी, मावशीकडे ये!"

जोडव्यांचं मी आधी वाचलं होतं. कादंबरीत सतराव्या प्रकरणात सगुणाची जोडवी निघत नाहीत, सोनाराला बोलावून कापावी लागतात. गाईडमध्ये ते नाही. पण मला ते पान कुठे आहे, डाव्या बाजूला की उजव्या, हेसुद्धा आठवत होतं.

एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे. गेल्या वर्षी सुगंधाच्या लग्नात मीच तिला हळद लावली. ती चौदाची होती, आठवीत. हळदीच्या पाटावर तिने मला हळूच विचारलं होतं, "अक्का, मनी शाळा सुटी का वं?" आणि मी तिच्या गालाला हळद लावत म्हटलं होतं, "तोंड हसरं ठेव, फोटोवाला आलाय."

तो फोटो घरात लावलेला आहे. ती हसतेय.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली आम्ही सात जणी होतो. झोका रिकामाच हलत होता, कारण सगळ्यांची जेवणं जड झाली होती. मी झोक्याच्या फळीवर बसून पुस्तक उघडलं. ताईबाई माझ्या वर्गातली, आता दोन लेकरांची आई. ती म्हणाली, "ए मास्तरीण, मनमा काय वाचस? मोठ्याने वाच. आम्हीबी बी.ए. व्हई जाऊत."

मी सतरावं प्रकरण वाचायला घेतलं. सगुणा माहेरी आलेली, अंगावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या गावाहून वैद्य येतो. तो नाडी बघतो आणि विचारतो, मुलीचं वय काय? सगुणा तेराची. पण तिचे वडील ओसरीवरून सांगतात, 'सोळावं चालू आहे.' वैद्य म्हणतो, मग काळजी नाही, सोळाव्या वर्षी अंग पक्कं असतं. काढा लिहून देतो आणि घोड्यावर बसून जातो.

"व माय!" ताईबाईने टाळी मारली. "हाई ते आपली नर्सबाईनं रजिस्टर शे!"

अशा हसल्या सगळ्या की झोका हलला. मग एकेकीचं सुरू झालं. तू कितीची होतीस गं खरी? पंधरा. तू? मले काय माहीत, पन सतरा नही व्हयेल व्हतात. तू? सोळा. आणि रजिस्टरात? सातही जणी एकोणीसच्या. "बठ्ठ्या जुळ्या बहिणी आपन!" ताईबाई म्हणाली, आणि पुन्हा हसू.

मी पुढे वाचलं. आठ दिवसांनी सगुणाला झटके येतात. कोणी वैद्याकडे पळतं, कोणी मांत्रिकाकडे.  प्रकरण संपलं. सुगंधा लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती, पाय पसरून, पोटावर हात ठेवून.

"अक्का," ती म्हणाली, "वैद्यले खरं सांगं व्हतं ते वाचती का वं ती?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. गाईडात तर प्रश्नच नव्हता.

संध्याकाळपर्यंत मी थांबले नाही. चिमीला आईकडे सोपवलं आणि गावाच्या टोकाला उपकेंद्रात गेले. वच्छलाबाई नर्स धुळ्याच्या, नऊ वर्षं आमच्या गावात. चिमीचं बाळंतपण त्यांनीच केलं, माझ्या केसांतून हात फिरवत. त्यामुळे भांडायला गेले तरी आधी त्यांनी मला पाणी दिलं.

"सुगंधाला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी म्हटलं.

"मला दिसत नाही का लता? चिठ्ठी दिलीय मी तुझ्या आबांना. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. मशीन असतं तर बी.पी.चा आकडा तोंडावर मारला असता, पण ते होळीपासून दुरुस्तीला गेलंय."

"मग तुमची ती लाल फुली?"

लाल फुलीचं मी आईकडून ऐकलं होतं. वरून नवा कागद आला होता: पहिलटकरीण अठराच्या आतली असेल तर तिच्या नावापुढे लाल फुली मारायची. तिला डॉक्टर स्वतः तपासणार, आणि जीप दारात येऊन तिला जळगावला नेणार. सासरच्यांना विचारायचं कारण नाही, सरकारी हुकूम.

वच्छलाबाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. अठराच्या आतल्या माता: शून्य. गेल्या वर्षीही शून्य.

"शाबासकीचं पत्र आलंय त्यावर," त्या म्हणाल्या. "हसू नको."

"मी हसत नाहीये. सुगंधा पंधराची आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मला सगळ्यांची माहीत आहेत." त्यांचा आवाज चढला. "मी आल्या आल्या खरीच लिहायची. पहिल्याच वर्षी एकीच्या बापाला पोलीस पाटलाने बोलावलं. पुढच्या वर्षी माझ्याकडे एक पहिलटकरीण आली नाही. एकही. सगळ्या घरात, दाईच्या हाताखाली. दोन गेल्या. मग मी एकोणीस लिहायला लागले. एकोणीस लिहिते म्हणून तरी येतात, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतात, लाल गोळ्या नेतात. तू आलीस ना? खरं लिहिते म्हटलं असतं तर तुझ्या आईने पाठवलं असतं तुला?"

नसतं पाठवलं. 

"पण त्या फुलीवाचून सुगंधाला जीप नाही," मी शेवटी म्हटलं.

"नाही."

"गुरुवारी डॉक्टर येणार आहेत ना? त्यांच्यासमोर कोणी खरं सांगितलं तर तुम्ही खोडाल?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. "मी खोडेन. पण सांगणार कोण? वय बाप सांगतो. बायकांना कोण विचारतं?"

घरी आल्यावर मी आबांसमोर विषय काढला. माझे वडील, पितांबर आबा, वाईट माणूस नाहीत. दहावीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं, भाऊबंद हसले तरी. पण चिठ्ठीचं नाव काढताच ते उठून उभे राहिले.

"जळगावले नेशी ते तठे पहिला सवाल वयना. मंग मना हातमा बेड्या पडतीन, आन तिना सासराना बी. तुले हाईच पाहिजे का?"

"मला ती जिवंत पाहिजे, आबा."

"अशुभ बोलू नको!" आई चुलीपासून ओरडली. "आमना टाईमले कोनी वय इचारं? तरी पोरंसोरं व्हयनातच ना?"

आईची पाच झाली. आम्ही दोघी आहोत. हे मी बोलले नाही. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण ती पुन्हा भाकरीकडे वळली आणि ती भाकरी करपली.

आबा आमच्याशी वाद घालत नाहीत. ते उठून शेतात जातात. काहीही सांगायचं म्हटलं की उठतात. आयुष्यात ते फक्त एकाच गोष्टीपुढे उठत नाहीत, आणि ती म्हणजे पोथी. आमच्या घरी श्रावणभर पोथी असते, आणि मी पाचवीत गेल्यापासून ती मीच वाचायची. नियम कडक. वाचणारी पाटावर, पुढे निरांजन, ऐकणाऱ्यांचे हात जोडलेले. अध्याय संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही. एकदा लहानपणी मांजराने दूध सांडलं तरी आबा हलले नव्हते. सगळं दूध उंबऱ्यापर्यंत वाहत गेलं आणि ते हात जोडून बसून राहिले.

बुधवारी दिवेलागणीला मी पाट मांडला. निरांजन लावलं. पुस्तकाला आधीच तपकिरी कागदाचं कव्हर होतं.

आईच्या लक्षात आलं. "लता! पोथीना जागावर कादंबरी? पाप लागी वं!"

"लागलं तर मला लागू दे."

आबा शेतातून येऊन पाय धूत होते. मी म्हटलं, "आबा, या. वाचायला बसतेय." सवयीने ते आले, भिंतीशी मांडी घातली, हात जोडले. सुगंधा उंबऱ्याजवळ पाय सोडून बसली. आई भांड्यांशी उभी राहिली आणि मग तीही खाली बसली. चिमी तिच्या मांडीत.

मी सतरावं प्रकरण पोथीच्या चालीवर वाचलं नाही. साधंच वाचलं. पहिल्या पानावर आबांनी मान वर केली. ही पोथी नाही हे त्यांना कळलं. मी वाचत राहिले. त्यांचा एक गुडघा उचलला गेला आणि निरांजनाकडे बघून पुन्हा खाली टेकला. जोडवी कापायला सोनार येतो, तिथे त्यांची नजर सुगंधाच्या पायांवर गेली. मला ते वाचता वाचता दिसलं. मग वैद्य आला, नाडी बघितली.  'मुलीचे वय काय?' ओसरीवरून वडील म्हणाले, 'सोळावं चालू आहे.'

आबांचे हात जोडलेलेच होते. पण बोटं एकमेकांत घुसली होती.

प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं आणि नमस्कार केला. कारण त्या जागेवरून नमस्कार न करता उठणं मलाही जमलं नसतं.  चिमी एकटीच म्हणाली, "झोपली का ती?"

आबांनी विचारलं, "त्या बापनं नाव काय लिखेल शे?"

"नाव नाही आबा. सबंध पुस्तकात नुसतं 'वडील' लिहिलंय."

ते उठले. शेतात गेले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले. आत आल्यावर जेवले, भाकरी अर्धी ठेवली. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही.

गुरुवारी सकाळी मी सुगंधाची वेणी घातली. तिला म्हटलं, "मी तुझ्या वतीने बोलू शकते. पण मी बोलले तर डॉक्टर म्हणतील बहीण भांडणं लावायला आलीय. तू बोलशील?"

"आबा समोर?"

"हो."

तिने आरशात बघून टिकली नीट केली. 

उपकेंद्रात बाकावर आम्ही ओळीने बसलो. ताईबाई आणि झोक्यावरच्या दोघी काम नसताना आल्या होत्या, उगाच दारात उभ्या. आबा आले, टोपी हातात. तालुक्याचे डॉक्टर घाईत होते, पुढे अजून तीन गावं होती. सुगंधाचं नाव पुकारलं गेलं.

"वय?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. विचारलं आबांनाच.

वच्छलाबाईंचं पेन रजिस्टरवर थांबलं होतं. तिथे महिन्यापूर्वीच एकोणीस लिहून ठेवलेलं. मी आबांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. वर्षभर ते एकच आकडा सांगत आले होते, ग्रामसेवकाला, व्याह्यांना, पाव्हण्यांना. जिभेवर तयारच असणार. त्यांनी तोंड मिटलं. टोपी दोन्ही हातांनी धरली आणि खाली बघत राहिले.

"अहो, वय काय मुलीचं?"

आबा गप्प. मी त्यांना इतकं घामेजलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याने खरं बोलवलं नाही, पण त्यांनी खोटंही सांगितलं नाही. त्या एवढ्याशा जागेत सुगंधा शिरली.

"पंधरा," ती म्हणाली. शुद्ध बोलली, शाळेत उत्तर देतात तशी. "दुष्काळ सरला त्या वर्षी आखाजीनंतर माझा जन्म. सोळावं अजून लागायचंय."

डॉक्टरांनी आता मान वर केली. आधी तिचं तोंड, मग पाय. त्यांनी पिशवीतून आपलं स्वतःचं मशीन काढलं, तिच्या दंडाला गुंडाळलं, फुगवलं, आणि आकडा बघून पुन्हा एकदा फुगवलं.

"सिस्टर, जीप रिकामी करा. औषधांचे खोके उतरवा. हिला आत्ता जळगावला न्यायचंय."

वच्छलाबाईंनी एकोणीसवर आडवी रेघ मारली, पंधरा लिहिलं, आणि शेजारी लाल फुली. फुली मारताना त्यांचं पेन कागदातून आरपार गेलं.

जीपमध्ये सुगंधाचं डोकं माझ्या एका मांडीवर आणि चिमी दुसऱ्या. आबा पुढे बसले. चोपडा गेलं, तापीचा पूल गेला, सगळ्या रस्त्यात ते एकदाच बोलले. ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, खड्डा वाचाड."

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सुगंधाच्या सासूबाई, धुरपदाबाई, आल्या. वॉर्डाच्या दारातच त्यांनी मला धरलं. "व्वा वं शिकेल! मना पोऱ्याले जेलमा घालाले निंघनी का? एवढी पुस्तकं वाचीसन हाईच शिकनी?" त्यांचं बोलणं चाललं होतं आणि त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं, सुगंधाचे डोळे वर गेले. मग हात वाकडे झाले आणि अख्खी खाट हलायला लागली.

 धुरपदाबाईच धावल्या. "सिस्टर! वं सिस्टर! धावा वं!" त्यांचा आवाज तीन वॉर्डांत गेला असेल. दोन सिस्टर आल्या, डॉक्टर आले, दातांमध्ये काहीतरी घातलं, सुई दिली. दहा मिनिटांत सगळं शांत. त्याच दुपारी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगा. दोन किलोंहूनही कमी, काचेच्या पेटीत ठेवलेला, मुठी आवळून.

पुस्तकात आठ दिवसांनी आले होते, ते हेच झटके. तिथे ओसरी होती आणि मांत्रिक होता.

त्यानंतर धुरपदाबाई जेलचं बोलल्या नाहीत. सुगंधाच्या उशाशी बसून राहिल्या. चौथ्या दिवशी सिस्टरने जोडवी कापली तेव्हा त्यांनीच ती पदराच्या गाठीला बांधली.

आबांना चोपड्याला दोनदा बोलावलं. जबाब झाला. पुढे काय होईल ते माहीत नाही. मी त्यांना म्हटलं, "आबा, माझ्यामुळे." ते म्हणाले, "तुनामुळे नही. मनामुळे." बस्स. पण खिशातली ती चिठ्ठी त्यांनी घडी मोडून माझ्या हातात दिली, जणू अजून कुठे दाखवायची आहे.

सुगंधाला घरी सोडलं तेव्हा मी चिमीला घेऊन पुन्हा दोन दिवस गावी गेले. उपकेंद्राच्या तक्त्यावर शून्याच्या जागी एक आलेला होता. वच्छलाबाईंकडे त्यावर वरून विचारणा आली होती: आपल्या क्षेत्रात ही वाढ कशी झाली, खुलासा करावा.

"काय खुलासा करणार?" मी विचारलं.

"लिहिते की पोरी बोलायला लागल्या." त्या हसल्या नाहीत. "तुझी ती ताईबाई आपल्या नणंदेला घेऊन आली होती. सतरा म्हणाली. तिची सासू बाहेर बोंबलत होती, तरी सतराच म्हणाली. तक्त्यावर दोन होणार आता. मला वाटतं मला बदलीच मिळेल."

"मी तालुक्याला अर्ज लिहून देते. एकटीचा नाही, झोक्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांचा. आकडा वाढला म्हणून तुम्हाला शिक्षा झाली तर पुढची नर्स पुन्हा एकोणीस लिहील. आणि खरं सांगणाऱ्या बापाला आधी जीप दिसली पाहिजे, पोलीस पाटील नाही, हेही लिहिणार."

"लिही," त्या म्हणाल्या. "तुला येतं लिहिता."

मग मी जुनं रजिस्टर मागितलं. तीन वर्षांपूर्वीचं. पान सापडलं. एकाखाली एक, एकोणीस, एकोणीस, एकोणीस, त्यात माझं नाव. "माझंही दुरुस्त करा."

"आता कशाला गं? तुझं सगळं नीट पार पडलं."

"चिमी मोठी होऊन वाचेल ना."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "तूच लिही. सही मी करते." मी सोळा लिहिलं. त्यांनी सही केली, तारीख घातली.

निघताना सुगंधाने पुस्तक मागितलं. "अक्का, हाई आठेच ठेव. दुपारले पोरी येतस ऐकाले. मी आते वाचू शकस." परीक्षेला पंधरा दिवस होते. मी ठेवून आले. पेटीतून बाहेर आलेलं बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, आणि ती पहिल्या प्रकरणापासून वाचत होती, बोट ओळीखाली ठेवून, जशी आठवीत वाचायची.

परवा पेपर आहे. पुस्तक जवळ नाही, आणि गाईडमधलं दीड पान मी वहीतून फाडून टाकलं आहे. सामाजिक मूल्याचा प्रश्न आला तर उत्तराचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'माझी बहीण सुगंधा पंधरा वर्षांची असताना आई झाली, आणि ही कादंबरी आम्ही तिच्या बापाला वाचून दाखवली म्हणून ती आज जिवंत आहे.' तपासणारे याला किती मार्क देतील ते मला सांगता येत नाही.

चिमी उठली. उरलेलं उत्तर पेपरातच लिहीन.